ध्रुवीय पक्ष्यांच्या पिसांवरून जड धातूंचा माग कसा काढायचा

पेंग्विनच्या वसाहतीत पहिल्यांदा पाऊल ठेवलं, की जिकडेतिकडे पिसंच पिसं दिसतात. चार मुठी उचलाव्यात, पिशवीत भराव्यात, प्रयोगशाळेत द्याव्यात आणि पाऱ्याचा आकडा घ्यावा, इतकं हे काम सोपं वाटतं. आकडा येतोही. पण ते पीस कोणत्या पक्ष्याचं, अंगाच्या कुठल्या भागावरचं आणि मुख्य म्हणजे कधी उगवलेलं, हे सांगता येत नसेल तर त्या आकड्याचं काहीच करता येत नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: आधी पिसाचा काळ ठरवा, मग धातू मोजा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पिसात धातू येतो कुठून

पीस केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. केराटिनमध्ये सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असतं आणि पाऱ्याला गंधकाची जबर ओढ असते. पीस वाढत असताना त्याच्या मुळाशी रक्तपुरवठा चालू असतो. त्या रक्तातला पारा केराटिनमधल्या गंधकाला घट्ट चिकटतो. पीस पूर्ण वाढलं की रक्तपुरवठा बंद होतो आणि पीस निर्जीव होतं. त्यानंतर पक्ष्याने काय खाल्लं, तो कुठे गेला, याची त्या पिसात भर पडत नाही. आत अडकलेला पाराही सहसा बाहेर येत नाही. ऊन, पाऊस, धुणं, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणं, सगळ्यांतून तो टिकतो.

पक्ष्याच्या दृष्टीने ही सुटकेची वाट आहे. दोन पीसपालटांच्या मधल्या काळात (जुनी पिसं गळून नवी येण्याला इथे मी पीसपालट म्हणते) अन्नातून आलेला पारा स्नायूंत, यकृतात, मूत्रपिंडात साठत राहतो. पिसं बदलायची वेळ आली की त्यातला मोठा वाटा रक्तावाटे नव्या पिसांत जातो. काही समुद्रपक्ष्यांत शरीरातल्या एकूण पाऱ्यापैकी ७० ते ९० टक्के पारा पिसाऱ्यात सापडला आहे. म्हणजे पिसातला पारा हा पीस उगवलं त्या दोन-तीन आठवड्यांच्या जेवणाचाच नसतो, आधीच्या कित्येक महिन्यांची साठवणही त्यात येते. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, निष्कर्ष काढताना ती पुन्हा समोर येईल.

पिसातला बहुतेक सगळा पारा मिथाइल पाऱ्याच्या रूपात असतो. हेच रूप अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढत जातं आणि सजीवांना सर्वांत जास्त त्रास देतं. धुराड्यांतून, खाणींतून आणि ज्वालामुखींतून निघालेला पारा वायुरूपात महिनोन्‌महिने हवेत तरंगू शकतो, त्यामुळे तो ध्रुवापर्यंत सहज पोचतो. १९९५ मध्ये कॅनडाच्या अगदी उत्तरेकडल्या अलर्ट इथे संशोधकांच्या लक्षात आलं, की ध्रुवीय वसंतात सूर्य उगवला की हवेतला पारा अचानक घटतो. समुद्री बर्फावरून येणाऱ्या ब्रोमीनच्या अभिक्रियांमुळे तो रूप बदलतो आणि हिमावर उतरतो. पुढे समुद्रातले सूक्ष्मजीव काही पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. तो प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत), क्रिल या कोळंबीसारख्या लहान प्राण्यांत, माशांत आणि शेवटी पक्ष्यांत जातो.

सगळे धातू पिसातून सारखेच कळत नाहीत

नवख्यांची इथे हमखास चूक होते. यंत्र एकाच नमुन्यातून पंधरा-वीस मूलद्रव्यांचे आकडे देतं. मग ते सगळे तक्त्यात भरायचा मोह होतो.

पाऱ्यासाठी पीस उत्तम साधन आहे, यात वाद नाही. शिशासाठी ते बरं आहे, पण जपून. शिसं प्रामुख्याने हाडांत साठतं, शिवाय धुळीतून पिसाच्या पृष्ठभागावरही बसतं. कॅडमियमसाठी पीस जवळजवळ निरुपयोगी म्हणावं लागेल, कारण कॅडमियम मूत्रपिंडात आणि यकृतात अडकून राहतं, पिसात फारच थोडं येतं. ध्रुवीय समुद्रातल्या काही कवचधारी प्लवकांत कॅडमियम नैसर्गिकरीत्याच जास्त असतं. त्यामुळे पक्ष्याच्या मूत्रपिंडात ते भरपूर आणि पिसात नगण्य, असं चित्र सहज दिसतं. जस्त आणि तांबं शरीराला लागतातच. शरीर त्यांची पातळी स्वतः सांभाळतं, म्हणून पिसातलं जस्त वाढलं म्हणजे प्रदूषण वाढलं असं समजू नका. ॲल्युमिनियम, लोह आणि मँगनीजचे आकडे फार मोठे आले तर आधी मातीचा संशय घ्या.

माझा सल्ला असा: पहिल्या प्रकल्पात पाऱ्यावर लक्ष द्या. बाकीचे धातू मोजले तरी चालतील, पण त्यांच्यावर निष्कर्ष उभारू नका.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘ध्रुवीय प्रदूषण तपासणे’ हा प्रश्न नव्हे. ‘या संशोधन तळाजवळच्या आणि तळापासून दूरच्या वसाहतींतल्या जेंटू पेंग्विनच्या पिल्लांच्या पिसांत पाऱ्याचा फरक आहे का’ हा प्रश्न आहे. ‘गेल्या शंभर वर्षांत या जातीतला पारा वाढला का’ हाही प्रश्न आहे, आणि त्याची तयारी पूर्ण वेगळी. पहिल्या प्रश्नासाठी ताजे नमुने लागतात, दुसऱ्यासाठी संग्रहालयाची कपाटं.

प्रश्नातच जागा आणि काळ दोन्ही यायला हवेत. ते आले की पक्षी आणि पीस जवळजवळ आपोआप ठरतात.

दुसरी पायरी: पक्षी आणि पीस निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे चुकलं तर पुढे कितीही महागडं यंत्र वापरलं तरी उपयोग नाही.

पेंग्विनपासून सुरुवात करणं सोपं. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदमच बदलतात. नवी पिसं खालून वर येतात आणि जुनी त्यांच्यावरून गळतात. हा प्रकार दोन ते पाच आठवडे चालतो. त्या काळात पक्षी पाण्यात उतरू शकत नाही, म्हणून उपाशी राहतो आणि अंगातल्या साठ्यावर जगतो. सगळी पिसं एकाच काळात आणि एकाच रक्तातून वाढतात, म्हणून छातीवरचं पीस घ्या की पाठीवरचं, आकडे जवळपास सारखे येतात. नवख्यासाठी ही मोठी सोय आहे.

पण एक गोष्ट पाहा. विणीच्या हंगामात, म्हणजे दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, प्रौढ पेंग्विनच्या अंगावरचं पीस तुम्ही घेता, ते मागच्या हंगामाच्या शेवटी उगवलेलं असतं. त्यात त्याच्या आधीच्या वर्षभराचा पारा असतो. २०२४ च्या डिसेंबरात घेतलेल्या पिसाला ‘२०२४ चा नमुना’ म्हणणं म्हणूनच फसवं ठरतं. आणखी एक: प्रौढ ॲडेली पेंग्विन बरेचदा वसाहत सोडून समुद्री बर्फावर जाऊन पिसं बदलतात, तर जेंटू सहसा वसाहतीच्या आसपासच किनाऱ्यावर बदलतात. ॲडेलींच्या वसाहतीत गळलेली पिसं सापडली, तर ती नेमकी कोणाची हे विचारल्याशिवाय उचलू नका.

उडणाऱ्या पक्ष्यांचं गणित वेगळं. उडता यायला हवं, म्हणून ते पिसं एकामागून एक बदलतात. आधी उगवलेल्या उड्डाणपिसांत पारा जास्त जातो. साठा रिता होत जातो तसा नंतर उगवलेल्या पिसांत तो कमी होत जातो. एकाच पंखावरची दोन पिसं घेतली तरी आकडे खूप वेगळे येऊ शकतात. एका पक्ष्याचं पहिलं आणि दुसऱ्याचं आठवं उड्डाणपीस घेऊन तुलना केली, तर दिसणारा फरक पिसांच्या क्रमाचा असेल, प्रदूषणाचा नव्हे. उपाय सोपा आहे. उड्डाणपिसांच्या वाटेला जाऊ नका. अंगावरची लहान पिसं घ्या, एका पक्ष्याची सहा ते दहा, आणि ती एकत्र करून एकच नमुना समजा. उड्डाणपीस उपटल्याने पक्ष्याच्या उडण्यावर परिणाम होतो, हे तर आणखी मोठं कारण.

काही जातींत मात्र ही गुंतागुंतच कामाला येते. उत्तर ध्रुवीय प्रदेशातला लिटल ऑक हा छोटा पक्षी विणीनंतर सगळी पिसं बदलतो आणि पुढच्या विणीआधी फक्त डोकं, गळा आणि मानेवरची पिसं पुन्हा बदलतो. म्हणून उन्हाळ्यात पकडलेल्या एकाच पक्ष्याच्या डोक्यावरचं पीस हिवाळ्याची गोष्ट सांगतं आणि छातीवरचं पीस आदल्या उन्हाळ्याची. पूर्व ग्रीनलंडमधल्या लिटल ऑकवर हे करून पाहिलं, तेव्हा हिवाळ्यातला पारा उन्हाळ्यातल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त निघाला. पक्षी विणीसाठी उत्तरेत असतो आणि हिवाळ्यात दूर दक्षिणेकडे अटलांटिकमध्ये असतो. छातीचं पीस नुसतं मोजलं असतं तर हिवाळ्यातला धोका दिसलाच नसता.

दक्षिण ध्रुवीय स्कुआच्या बाबतीत याच कारणाने चूक होते. अंटार्क्टिकात वीण करणारा हा पक्षी विणीनंतर फार दूर जातो. काही तर उत्तर गोलार्धात पोचतात आणि पिसं बरीचशी तिकडेच बदलतात. त्याच्या पिसात पारा जास्त आला म्हणून अंटार्क्टिका प्रदूषित आहे असं लिहिलंत, तर ती हजारो किलोमीटरची चूक असेल.

‘या जागेचा पारा’ हवा असेल तर पिल्लांची पिसं घ्या. पिल्लू घरट्यातच वाढतं. त्याचं अन्न आईबाप वसाहतीच्या आसपासच्या समुद्रातून आणतात, आणि पिसं त्याच काही आठवड्यांत उगवतात. जागा ठाऊक, काळ ठाऊक. मर्यादा एवढीच, की पिल्लांत आकडे बरेच लहान असतात आणि मोजणी तितकीच काटेकोर लागते. पिल्लाची पहिली मऊ लव आणि नंतर येणारी खरी पिसं एकत्र करू नका. लव अंड्यात असतानाच तयार होते, म्हणून तिच्यात आईकडून आलेला पारा असतो. ही लव बरेचदा नव्या पिसाच्या टोकाला चिकटून राहते. ती चिमट्याने अलग करा.

तिसरी पायरी: परवानग्या

या पायरीला कंटाळू नका आणि ती शेवटी ठेवू नका. अंटार्क्टिकात माद्रिद प्रोटोकॉल हा पर्यावरण रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार लागू आहे. त्यावर १९९१ मध्ये सह्या झाल्या आणि तो १९९८ मध्ये अमलात आला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार पक्ष्यांना हात लावणं, पकडणं किंवा त्यांना त्रास होईल असं काहीही करणं परवान्याशिवाय चालत नाही. विशेष संरक्षित क्षेत्रांत तर पाऊल ठेवायलाही वेगळा परवाना लागतो. जमिनीवर पडलेलं पीस उचलायचं तरी आधी विचारा. नॉर्वेच्या उत्तर ध्रुवीय स्वालबार्ड बेटांवर तिथल्या गव्हर्नरच्या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागते. नमुने देशाबाहेर नेताना प्राणिजन्य पदार्थ म्हणून पशुवैद्यकीय कागदपत्रं मागितली जातात. ती नसतील तर महिन्यांची मेहनत विमानतळावर अडकते.

उत्तर ध्रुवीय प्रदेशात माणसं राहतात हे विसरू नका. वायव्य ग्रीनलंडमधले इनुइट लिटल ऑक खातात. तुम्ही मोजत असलेला पारा त्यांच्या ताटात जातो. त्यांना आधी विचारणं आणि निष्कर्ष त्यांना समजेल अशा भाषेत परत नेऊन देणं, हा कामाचाच भाग आहे.

आता बर्ड फ्लूचाही विचार करावा लागतो. एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटांवरच्या स्कुआंमध्ये सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर त्याची खात्री पटली. वसाहतीत आजारी किंवा एकाच जागी अनेक मेलेले पक्षी दिसले तर नमुने न घेता मागे फिरा आणि कळवा. एका वसाहतीतून दुसरीकडे जाण्याआधी बूट, कपडे आणि उपकरणं घासून निर्जंतुक करा. आपण रोग वाहून नेला, तर पाऱ्याच्या कितीही चांगल्या माहितीने ते नुकसान भरून येणार नाही.

चौथी पायरी: पिसं गोळा करणं

हातमोजे नायट्राइलचे, पावडर नसलेले घ्या. जिवंत पक्षी हाताळायचा असेल तर ते काम प्रशिक्षित माणसानेच करायचं. एकजण पक्षी धरतो, दुसरा पिसं घेतो, आणि सगळं मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं. पेंग्विनच्या पाठीवरची किंवा छातीवरची पिसं कातरून घेतली तरी चालतात. मात्र पूर्ण प्रकल्पात एकच पद्धत आणि अंगाचा एकच भाग ठेवा. क्रोमियम किंवा निकेल मोजायचं असेल तर पोलादी कात्रीऐवजी सिरॅमिकची वापरा. नुसत्या पाऱ्यासाठी साधी स्वच्छ पोलादी कात्री पुरते.

गळलेली पिसं वापरायची असतील तर ती कोरडी, स्वच्छ आणि नुकती पडलेली हवीत. विष्ठेत माखलेली, चिखलात रुतलेली सोडून द्या. एकाच पक्ष्याची पिसं दोनदा येऊ नयेत, म्हणून पिसं बदलणाऱ्या प्रत्येक पक्ष्याच्या जागेवरून एकेकदाच उचला आणि जागांमध्ये पुरेसं अंतर ठेवा. मुळाशी अजून रक्त भरलेलं, वाढतं पीस घेऊ नका. रक्तातला पारा आणि केराटिनमधला पारा यांची त्यात सरमिसळ होते.

एका गटात किती पक्षी? पिल्लांमध्ये आकडे एकमेकांजवळ असतात, प्रौढांमध्ये बरेच पसरलेले. पंधरा ते वीस पक्षी प्रत्येक गटात असावेत असा माझा आग्रह असतो. पाच पक्ष्यांवरून दोन वसाहतींची तुलना करणारे आराखडे मी परत पाठवते.

पिसं कागदी पाकिटात किंवा स्वच्छ झिपच्या पिशवीत ठेवा. ओलसर असतील तर आधी हवेशीर सुकवा, नाहीतर बुरशी धरते. लेबल पेन्सिलीने लिहा. एका मोहिमेत मी शाईच्या पेनाने लिहिलेली पाकिटं ओल्या बोटीतून आणली. वरचे क्रमांक धुऊन गेले आणि डोक्याची पिसं कोणती, छातीची कोणती, हे कळेनासं झालं. ते नमुने वापरता आले नाहीत. पक्ष्यांना उगाच धरलं, याचं अजून वाईट वाटतं. आता मी पेन्सिलीचं एक लेबल आत आणि एक बाहेर ठेवते, आणि त्याच दिवशी वहीत नोंद करते: जात, वय, नर की मादी हे कळत असेल तर, अंगाचा भाग, तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, पीस उपटलं, कातरलं की उचललं. नर-मादीची नोंद महत्त्वाची, कारण मादी अंड्यांतूनही थोडा पारा बाहेर टाकते.

पिसांना फ्रीझर लागत नाही. ज्या तळावर विजेचा भरवसा नाही तिथे रक्ताचे नमुने सांभाळणं किती अवघड असतं, हे ज्याने केलंय त्याला या एका गोष्टीचं मोल कळेल.

पाचवी पायरी: धुणं

धुण्याचा हेतू बाहेरून चिकटलेलं काढणं हा आहे: धूळ, विष्ठा, समुद्राचं मीठ, आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल, जे पक्षी चोचीने पिसांवर पसरवतो. सर्वत्र चालणाऱ्या दोन रीती आहेत. एकीत ॲसिटोन आणि आयनविरहित पाणी आलटून पालटून, तीन-तीन वेळा. दुसरीत क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल २:१ प्रमाणात, अल्ट्रासॉनिक टबमध्ये काही मिनिटं, मग मेथॅनॉलने दोनदा खळबळून घेणं. कोणतीही निवडा, पण सगळ्या नमुन्यांना तीच लावा आणि अहवालात लिहा. क्लोरोफॉर्मचं काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करा.

पाऱ्याच्या बाबतीत धुण्याने फारसा फरक पडत नाही, कारण तो आत बांधलेला असतो. शिसं, ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या बाबतीत मात्र फरक मोठा असतो, आणि तरीही सगळं बाहेरचं शिसं निघालं असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही. थोडी पिसं धुऊन आणि तशीच काही न धुता मोजून पाहा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की बाहेरून चिकटलेला वाटा किती मोठा आहे ते लगेच कळतं.

धुतल्यावर ४० ते ५० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवा. याहून खूप तापवू नका, पारा उडून जायची भीती असते. मग बारीक कातरा. पिसाची पूड करायला जाल तर कोरड्या खोलीत स्थिर विजेने ती भांड्याला, हाताला, तराजूला, सगळीकडे चिकटते. कातरणं कंटाळवाणं, पण खात्रीचं.

सहावी पायरी: मोजणी

पाऱ्यासाठी थेट पारा विश्लेषक सर्वांत सोयीचा. काही मिलिग्रॅम पीस छोट्या नावेसारख्या भांड्यात ठेवायचं. यंत्र ते ऑक्सिजनमध्ये जाळतं, निघालेला पारा सोन्यावर पकडतं, पुन्हा तापवून सोडतं आणि २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्याने किती शोषला ते मोजतं. आम्लात विरघळवावं लागत नाही, एका नमुन्याला काही मिनिटंच लागतात.

इतर धातूंसाठी पीस नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मायक्रोवेव्ह यंत्रात विरघळवून आयसीपी-एमएसवर, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. त्यात दोन गोष्टी सांभाळा. क्लोरीन असेल तर ते आर्गॉनशी जुळून आर्सेनिकसारखंच वस्तुमान दाखवतं, म्हणून समुद्राचं मीठ नीट धुतलं गेलं पाहिजे. आणि पारा नळ्यांना चिकटून पुढच्या नमुन्यात डोकावतो, म्हणून मोठ्या आकड्याच्या नमुन्यानंतर यंत्र नीट धुऊ द्या.

आता गुणवत्तेचं. दर दहा-पंधरा नमुन्यांमागे एक कोरा नमुना (पीस न घालता), एक दुहेरी नमुना (तेच पीस दोनदा) आणि एक प्रमाणित संदर्भ पदार्थ (ज्यातलं धातूचं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा) चालवा. पिसाला सर्वांत जवळचा संदर्भ म्हणजे मानवी केसाचा, कारण केसही केराटिनचाच असतो. प्रमाणपत्रावरच्या मूल्याच्या ९० ते ११० टक्क्यांत आकडा आला तर पुढे जा. आला नाही तर थांबा आणि कारण शोधा. ध्रुवावरून आणलेला नमुना पुन्हा आणता येत नाही, तेव्हा पहिल्या दिवशी आपली पिसं यंत्रात घालूच नका. आधी संदर्भ पदार्थावर हात बसवा.

सातवी पायरी: आकडा वाचणं

निकाल कोरड्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे किती मायक्रोग्रॅम असा लिहितात. ॲडेलीसारख्या क्रिल खाणाऱ्या पेंग्विनमध्ये तो सहसा १ च्या आतबाहेर असतो. वांडरिंग अल्बट्रॉसमध्ये २० च्या पुढे सहज जातो. हा वीसपट फरक पाहून अल्बट्रॉस प्रदूषित समुद्रात राहतो असं म्हणू नका. तो दीर्घायुषी आहे, स्क्विड आणि मासे खातो, आणि त्याची पिसं बदलायला वर्षाहून अधिक काळ लागतो. आहार, वय आणि पीसपालट या तिन्हींचा हिशेब झाल्याशिवाय प्रदूषणाचं नाव काढायचं नाही.

आहाराचा हिशेब करायला त्याच पिसातले स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, मोजा. नायट्रोजन-१५ चं प्रमाण पक्षी अन्नसाखळीत किती वरच्या पायरीवर खातो ते दाखवतं. कार्बन-१३ चं प्रमाण तो साधारण कुठल्या समुद्रात खात होता ते सुचवतं. एका वसाहतीत पारा दुप्पट आणि नायट्रोजन-१५ ही जास्त असेल, तर तिथले पक्षी क्रिलऐवजी मासे खात असण्याची शक्यता आधी तपासा. इथेच सुरुवातीची गोष्ट परत येते. समस्थानिक पीस उगवतानाचा आहार दाखवतात, पारा मात्र आधीच्या महिन्यांचाही असतो. दोन्ही एकाच पिसात असले तरी त्यांचे काळ पूर्ण जुळत नाहीत. पिल्लांत हा घोळ सर्वांत कमी.

‘५ मायक्रोग्रॅमच्या वर धोका’ हा आकडा तुम्हाला सगळीकडे दिसेल. पिसात ५ च्या आसपास पारा असताना काही जातींच्या विणीवर परिणाम दिसला, तिथून तो आला. त्याला सावध राहण्याची खूण समजा, सीमारेषा नव्हे. अनेक समुद्रपक्षी यकृतात मिथाइल पाऱ्याचं सेलेनियमशी बांधलेलं निरुपद्रवी रूप करतात आणि मोठ्या आकड्यांसह जगतात. उलट काही जाती कमी आकड्यालाही हळव्या असू शकतात.

जुन्या काळाशी तुलना करायची असेल तर संग्रहालयांतली पिसं अनमोल आहेत. १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी जुन्या पक्ष्यांची पिसं तपासून, १९४० नंतर बियाण्यांना लावलेल्या पारायुक्त औषधांमुळे पारा वाढल्याचं दाखवलं, तिथून या पद्धतीला वजन आलं. ध्रुवीय प्रदेशातलं सर्वांत बोलकं उदाहरण आयव्हरी गलचं. कॅनडा आणि ग्रीनलंडकडच्या या पक्ष्यांच्या १८७७ ते २००७ मधल्या पिसांत मिथाइल पारा ४५ पटींनी वाढलेला आढळला, आणि समस्थानिकांत आहार बदलल्याची खूण नव्हती. तिथे एकूण पारा न मोजता मिथाइल पाराच मोजला होता, आणि तो मुद्दाम. पूर्वी संग्रहालयात कीड लागू नये म्हणून कातड्यांना पाऱ्याचे आणि आर्सेनिकचे क्षार लावत. जुन्या नमुन्यात एकूण पारा मोजाल तर पक्ष्याचा नव्हे, संग्रहालयाच्या औषधाचा आकडा मिळेल. आर्सेनिकमुळे अशा पिसांना हात लावतानाही हातमोजे हवेत.

शिशाची गोष्ट करायची झाली तर पिसाला एकटं सोडू नका. अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या गाभ्यांत (खोल भोक पाडून काढलेल्या, थरांनी बनलेल्या बर्फाच्या दांड्यांत) औद्योगिक शिसं १८८९ च्या सुमारासच दिसू लागतं आणि त्याची समस्थानिक ओळख ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खनिजाशी जुळते. अमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला, त्याच्या वीसेक वर्षं आधीच शिसं तिथे पोचलं होतं. बर्फ, गाळ, माती, शेवाळ आणि पीस यांचे आकडे एकत्र मांडले तरच शिशाबद्दल काही ठाम बोलता येतं. तळाजवळ जुन्या इंधनाचा किंवा कचऱ्याचा डाग असेल तर हे आणखीच खरं.

यानंतर

मिळालेली माहिती वहीत ठेवू नका. पाऱ्यावरचा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे, आणि तो कितपत काम करतोय हे तपासायला सजीवांतल्या पाऱ्याच्या दीर्घ नोंदी लागतात. उत्तर ध्रुवीय प्रदेशात आर्क्टिक मॉनिटरिंग अँड असेसमेंट प्रोग्राम १९९१ पासून अशा नोंदी एकत्र आणतो. दक्षिणेकडे नोंदी अजून विरळ आहेत, म्हणून तिथे तुमच्या वीस पक्ष्यांचंही मोल जास्त.

दोन वर्षांच्या आकड्यांवरून कल सांगायला जाऊ नका. बर्फ कमी-जास्त झाला, क्रिल कमी पडलं, तरी पारा एका हंगामात हलतो. तीच वसाहत, त्याच वयाचे पक्षी, अंगाचा तोच भाग आणि शक्यतो तोच आठवडा, असं वर्षानुवर्षं करत राहावं लागतं.

आणि प्रत्येक नमुन्यातली निम्मी पिसं न धुता, न कातरता बाजूला ठेवा. कागदी पाकीट, अंधारं कोरडं कपाट, पेन्सिलीचं लेबल. वीस वर्षांनी एखाद्याला वेगळाच धातू मोजायचा असेल, कदाचित आज नसलेल्या यंत्रावर. त्याला तुमच्या पाकिटावर जात, वय, अंगाचा भाग, जागा आणि पीस उगवल्याचा अंदाजे काळ लिहिलेला मिळाला पाहिजे.